‘हाजी’ लावणं म्हणजे शोबाजी? मुसाफिर यांना सविस्तर उत्तर

खाडीकाठ:

परवा मुसाफिर यांनी इथे दहा-बारा ओळी टाकल्या होत्या. ज्यांच्या नजरेतून निसटल्या त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांच्या हातात एक लग्नपत्रिका पडली. निमंत्रक सात, आणि सातही नावांच्या आधी ‘हाजी’. मग त्यांचा पट्टा सुटला. नमाज फर्ज (धर्माने बंधनकारक), रोजा फर्ज, हजही फर्ज. मग ‘नमाजी अमुक’, ‘रोजेदार तमुक’ असं कोणी छापतं का? सहाबांपैकी (पैगंबरांच्या सोबत्यांपैकी) कोणी हाजी लावून फिरलं नाही. हा निव्वळ हिंदुस्थानी दिखावा. आणि शेवटचं वाक्य, ज्यावर टाळ्यांचा पाऊस पडला: “ज्याला नावाआधी हाजी हवं, त्याचा हज विमानतळावरच संपला.”

टाळीचं वाक्य आहे, कबूल. पण त्यात माझे आजोबा मारले गेले, म्हणून हा धागा.

आजोबा खलाशी. तीस वर्षं बोटीवर काढली. जिद्दा बंदर त्यांनी डेकवरून चार-पाच वेळा पाहिलं होतं, पण पुढे मक्केला जायचा योग नव्हता. 1974 मध्ये फंडाचे पैसे हातात आले तेव्हा मोगल लाइनच्या बोटीने मुंबईहून हजला गेले. निघायच्या आधी पंधरा दिवस ते गावभर फिरत होते, “कहासुना माफ करा” म्हणत. ही पद्धत आजही आहे. फरक एवढाच की आजोबांच्या काखेत वही होती, कोणाचे किती द्यायचे त्याची. बाजारपेठेतल्या वाण्याचे अकरा रुपये निघत होते, नऊ वर्षांपूर्वीचे. वाणी म्हणाला, “अहो, मी ते कधीच खोडले.” आजोबांनी फळीवर अकरा रुपये मोजून ठेवले आणि त्याच्यासमोर वहीत काट मारली.

परत आल्यावर त्यांना पहिल्यांदा ‘हाजीसाहेब’ म्हणाला तो हाच वाणी. दुकानातून, भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. आजोबांनी सही करताना मरेपर्यंत कधी हाजी लिहिलं नाही. पण गावाने लावलं ते लावलंच. आता पुढचं ऐका. आजोबांना पत्त्यांचा नाद होता. जेटीवर संध्याकाळी पैसे लावून डाव पडायचा. हजहून आल्यावर सहाएक महिने कळ काढली आणि एके दिवशी जाऊन बसले. पानं वाटणारा पोरगा एवढंच म्हणाला, “हाजीसाहेब, तुम्हाला पण वाटू?” आजोबा उठले ते पुन्हा जेटीवर फिरकले नाहीत. मासळी आणायलासुद्धा आम्हाला पिटाळायचे.

तेव्हा मुसाफिरसाहेब, हाजी माणूस स्वतःला लावत नाही, गाव लावतं. आणि लावलं की दोरीचं दुसरं टोक गाव स्वतःच्या हातात ठेवतं.

(अवांतर: याच ‘हाजी’ने आमच्या सातबाराचा मात्र बोऱ्या वाजवलाय. उताऱ्यावर नाव ‘हाजी’सकट, मृत्यूच्या दाखल्यावर ‘हाजी’शिवाय. तलाठी म्हणतात ही दोन वेगळी माणसं. वारस नोंद अडकून बसलीय. कोणाला अनुभव असल्यास सांगा.)

मुसाफिर:

थेट माझ्या नावाने धागा! बरं वाटलं.

आधी हिशेब. त्या सातांपैकी दोघांनी फक्त उमरा (मक्केची छोटी यात्रा) केलाय. रमजानात पंधरा दिवसांची टूर. उमऱ्याला अरफात नाही, मिना नाही (हे हजचे मुक्काम), जिलहजची नऊ तारीख, म्हणजे हजचा मुख्य दिवस, नाही. तरी पत्रिकेवर हाजी. तुमच्याकडे गाव लावत असेल. आमच्याकडे छापखान्यात फोन करून लावून घेतात. एकाचं राहिलं होतं म्हणून दोनशे पत्रिका रद्द झाल्या. मी छापखान्याच्या वरच राहतो.

तुमच्या आजोबांना सलाम, मनापासून. पण एका आजोबांवर अख्खी प्रथा तोलू नका. माझ्याकडे मामा आहे.

नानांची चार एकर जमीन. नाना गेले. शरियतप्रमाणे बहिणीला भावाच्या निम्मा हिस्सा, हे मामाला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. आईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, चहा पिता पिता. त्याच वर्षी एक एकर विकलं आणि मामा-मामी हजला गेले. आले तेव्हा स्टेशनवर हार, उघडी जीप, चारशे माणसांचं जेवण. आईला काय मिळालं? खजुराची पुडी, एक तसबी (जपमाळ) आणि अर्धा लिटर झमझम, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलेलं. आईने ती बाटली डोळ्यांना लावली. मी बारावीला होतो. ती बाटली मला अजून दिसते, झाकण निळं होतं.

आज मामा ‘हाजीसाहेब’ आहे. जमातीत त्याच्या शब्दाला वजन आहे. बहिणींच्या हिश्शाचे तंटे लोक त्याच्याकडे घेऊन येतात. कुठे गेली तुमची दोरी?

तुमचे आजोबा ‘हाजी’ म्हटलं नसतं तरी त्या डावावरून उठलेच असते. अकरा रुपये फळीवर ठेवणारा माणूस होता तो. ते श्रेय उगाच पदवीला देताय.

रोखठोक:

मुसाफिर +१. सौ चूहे खाके बिल्ली हज को चली. मराठीत करून करून भागले आणि देवपूजेला लागले. लोकांनी ओळखलेलंच असतं हो, फक्त तोंडावर बोलत नाहीत.

आणि खाडीकाठ, दोरीचंच म्हणाल तर तस्कर हाजी मस्तानचं काय? गोदीतून माल उतरत होता तेव्हा “हाजीसाहेब, तुम्ही पण?” असं विचारायला एक पोरगा मिळाला नाही मुंबईला. आणीबाणीत सरकारनेच आत टाकला तेव्हा थांबला.

कटूसत्य:

तुम्ही हाजी लावा नाहीतर अजून काही. आमच्या करातून विमानाची तिकिटं निघतात त्याबद्दल कोणी बोलणार का?

खाडीकाठ:

आलात का! वाटच बघत होतो. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये सबसिडी दहा वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं, सरकारने 2018 मध्येच पूर्ण बंद केली. आज हाजी स्वतःचे साडेतीन-चार लाख मोजून जातो. आणि होती तेव्हाही रोख रक्कम हाजीच्या खिशात पडत नव्हती, विमान कंपनीच्या भाड्यात जात होती. ती बंद करा म्हणून सर्वांत आधी ओरडणाऱ्यांत मुसलमानच बरेच होते, कारण ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे. झालं समाधान? आता विषयावर काही असेल तर लिहा.

कटूसत्य:

विषय तुम्हाला सोयीचा तेवढाच, असं दिसतंय. चालू द्या.

शब्दवेडा:

सर्वांनी तावातावाने लिहिलंय, पण शब्दाकडे कोणी बघितलेलं नाही. अरबीत हज करणारा तो ‘हाज्ज’, बाई ‘हाज्जा’, अनेकवचन ‘हुज्जाज’. मुंबईच्या हज हाउसचं ‘बैतुल हुज्जाज’ हे नाव त्यातलंच. शेवटचा ‘ई’ आपल्याकडे फारसी-तुर्कीच्या वाटेने आला. ‘हाजिर’शी, म्हणजे आपल्या ‘हजर’शी, याचा काही संबंध नाही, कोणीतरी लगेच तसं सुचवेल म्हणून आधीच सांगतो. (तरी गंमत म्हणजे हाजी वाटभर जे ‘लब्बैक’ म्हणत जातात त्याचा अर्थ ‘मी हजर आहे’ असाच होतो.)

मुसाफिर यांचा ‘हिंदुस्थानी दिखावा’ हा मुद्दा साफ चूक आहे. नायजेरियात ‘अल्हाजी’ आणि बायकांना ‘अल्हाजा’ किंवा ‘हाजिया’. इराणात ‘हाज आगा’, तेही बाजारातल्या प्रत्येक वजनदार व्यापाऱ्याला, गेलेला असो-नसो. मलेशिया-इंडोनेशियात नावाआधी ‘हाजी’ आणि डोक्यावर पांढरी टोपी. जावामध्ये तर डच सरकारने 1859 मध्ये नियम केला होता की परत आलेल्या यात्रेकरूची चौकशी करायची, खरोखर मक्केला जाऊन आला की नाही ते तपासायचं, आणि पास झाला तरच त्याने हाजी म्हणवून घ्यायचं आणि तो पोशाख घालायचा. मुसाफिर यांच्या गल्लीत हा कायदा चालला असता.

शिवाय हा शब्द फक्त मुसलमानांचा राहिलेलाच नाही. तुर्की अमलात बाल्कनमधले ख्रिस्ती लोक जेरुसलेमला जाऊन आले की हाजी होत. बल्गेरियाचा क्रांतिकारक हाजी दिमितर लहानपणी घरच्यांबरोबर जेरुसलेमला जाऊन आला म्हणून हाजी. ग्रीक संगीतकार मानोस हाजिदाकिस, त्याच्या आडनावातला हाजी हाच. सुरतेच्या 1664 च्या लुटीच्या हकिगतीत वीरजी व्होराच्या जोडीला हाजी सैद बेग येतोच. म्हणजे बड्या व्यापाऱ्याने हाजी लावण्याची चालही आजची नाही.

आणि शेवटचं. वरळीच्या समुद्रातले हाजी अली. एक आख्यायिका अशी की ते मक्केच्या वाटेवरच वारले आणि त्यांची पेटी तरंगत इथे खडकाला लागली. म्हणजे मुंबईचे सर्वांत मोठे हाजी त्या कथेप्रमाणे पोचलेलेच नाहीत. लोकांना काही अडलं नाही.

नाईल_ते_नीरा:

शब्दवेडा यांच्या माहितीला माझी जोड. मी चार वर्षं कामानिमित्त कैरोत होतो. डोक्याचे केस पांढरे, आडनाव कुलकर्णी. पहिल्याच दिवशी टॅक्सीवाला म्हणाला, “या हग्ग, कुठे जायचं?” (तिथे ज चा ग होतो.) मी मोडक्यातोडक्या अरबीत त्याला समजावलं की बाबा रे, मी मुसलमान नाही, मी मक्केला गेलेलो नाही, जाऊही शकत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हरकत नाही, या हग्ग.”

भाजीवाला, वॉचमन, बँकेतला शिपाई, सगळ्यांचा मी हग्ग. आपल्याकडे ‘काका’ म्हणतात तसं. बायको ‘हग्गा’. ती पुण्याला आल्यावर महिनाभर चुकल्यासारखी वागत होती, इथे तिला कोणी काही म्हणेना.

रोखठोक:

हे बघा, गाडी शेवटी ‘काका’वर आली. मग ह.भ.प. तरी का सोडायचं? तोच प्रकार. आमच्या भागात दर दुसऱ्या फ्लेक्सवर ह.भ.प. ज्याला हरिपाठाच्या चार ओळी येत नाहीत तोही हरिभक्तपरायण. दोन्हीकडे सारखंच दुकान आहे.

इंद्रायणीकाठ:

रोखठोक, दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालू नका. ह.भ.प. हे कीर्तनकार-प्रवचनकारांना लोक आदराने लावतात. फडावर वर्षानुवर्षं बसून, ज्ञानेश्वरी-गाथा तोंडपाठ करून, पखवाजाच्या मागे उभं राहून माणूस तिथे पोचतो. विमानाचं तिकीट काढून ह.भ.प. होता येत नाही.

खाडीकाठ:

“विमानाचं तिकीट काढून”? साहेब, पंचेचाळीस अंशांत अरफातच्या मैदानात दिवस काढून बघा. 2024 च्या हजला उन्हाने तेराशेवर माणसं गेली. तिकिटाने होत नाही इकडेही.

इंद्रायणीकाठ:

तुम्हाला नव्हतं म्हणायचं. शब्द चुकला. पण रोखठोक यांना म्हणायचंच आहे.

रोखठोक:

म्हणा की. आमच्या वॉर्डातले एक ‘ह.भ.प.’ मी स्वतः हायवेच्या ढाब्यावर पाहिलेत. पुढ्यात काय होतं ते सांगत नाही, हाडं मोजली नाहीत.

इंद्रायणीकाठ:

तोंड सांभाळून. एका भोंदूवरून संप्रदायाला नावं ठेवायची ही फॅशन झालीय. माझे वडील साठ वर्षं माळकरी होते. आषाढीची वारी चुकली नाही, आई गेली त्या वर्षीसुद्धा दहावं उरकून निघाले. त्यांना ह.भ.प. म्हटलं की हात जोडून सांगायचे, “मी नुसता माळकरी.” तुम्हाला तुलनाच करायची असेल तर हाजीची तुलना माळकऱ्याशी करा. गळ्यात माळ पडली की दारू-मटण सुटलं, एकादशी आली, आणि गाव डोळे लावून बसलं. माळ काढून ठेवली तर चावडीवर चर्चा होते. खाडीकाठ दोरी म्हणतात ती हीच.

खाडीकाठ:

अगदी! माळकरी. हा शब्द मला सुचायला हवा होता. पानं वाटणारा तो पोरगा माळकऱ्याच्याच घरातला होता, आता आठवतंय.

नावाचा_दीक्षित:

मध्येच बोलतो, क्षमस्व. माझं आडनाव दीक्षित. कोणे एके काळी कोण्या पूर्वजाने यज्ञाची दीक्षा घेतली असेल, त्याला लोक दीक्षित म्हणू लागले, आणि आज मी, ज्याला संध्येच्या चोवीस नावांतली सहा येतात, मीही दीक्षित. अग्निहोत्री, वाजपेयी यांचंही तेच. हाजी निदान माणसाबरोबर संपतो. आमच्याकडे पदवी सातबारासारखी वारसाने येते.

शब्दवेडा:

संपतोच असं नाही. हाजी हे आडनावही आहे, आणि हजच्या दिवसांत जन्मलेल्या मुलाचं नाव हाजी ठेवण्याचीही रीत आहे.

पांढरा_कोट:

पदव्यांवर एवढं चाललंय तर माझं दुखणं ऐका. मी एमबीबीएस, एमडी. रात्रंदिवस घासून ‘डॉ.’ मिळवलं. आमच्या तालुक्यात आज फ्लेक्सवरचे निम्मे ‘डॉ.’ कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाची मानद पदवी विकत घेतलेले आहेत. हॉटेलात कार्यक्रम, झगा, चौकोनी टोपी, फोटो. एकाने तर माझ्याच दवाखान्यात येऊन “डॉक्टरांना डॉक्टर फी घेतो का?” असं विचारलं.

नावाचा_दीक्षित:

फी घेतली का?

पांढरा_कोट:

दुप्पट.

एक_पीएचडी:

मूळ डॉक्टर पीएचडीवालेच हो. वैद्यकवाल्यांनी नंतर उचलला तो शब्द. सहा वर्षं प्रबंधावर घालवली आणि बँकेत म्हणतात, “डॉक्टर, गुडघा दुखतोय.”

पांढरा_कोट:

मग सांगा की औषध. नसेल येत तर ‘डॉ.’ काढा.

एक_पीएचडी:

तुम्ही ‘एमबीबीएस’ लिहा, ते पुरेसं स्पष्ट आहे. आणि सभ्यपणे बोला.

कलमबहाद्दर:

घटनेचं कलम 18 वाचा सर्वांनी. सैनिकी आणि शैक्षणिक सोडून कुठलाही किताब सरकार देणार नाही. पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगितलंय. तरी पत्रिकांवर ‘पद्मश्री’ छापतातच. हाजी, ह.भ.प., माळकरी हे सरकारने दिलेलेच नाहीत, त्यामुळे कायद्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही. लावा किती लावायचे ते.

परसदार:

एवढे पुरुष एवढा वेळ पदव्यांवर भांडतायत आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बायकांचं काय होतं.

आमचे अब्बा आणि अम्मी 2009 ला एकत्र गेले. नंबर एकत्र लागला, पैसे दोघांचे. अम्मीने वीस वर्षं शिवणकाम करून भिशी लावली होती, निम्मी रक्कम तिची. तवाफ (काबाची प्रदक्षिणा) दोघांनी केला, खडे दोघांनी मारले, मिनाच्या तंबूत अम्मीच्या पायाला फोड आले तरी ती चालली. परत आल्यावर आठ दिवसांत दारावर नवी पाटी: ‘हाजी’ आणि अब्बांचं नाव. अम्मीचं नाव पाटीवर आधीही नव्हतं, तेव्हाही नाही आलं.

तिला ‘हज्जनबी’ म्हणतात, नाही असं नाही. कधी? मोहल्ल्यात बाई मयत झाली की. “हज्जनबीला बोलवा, गुस्ल द्यायला.” म्हणजे मयताला आंघोळ घालायला. रात्री दोनला दार वाजलं तरी अम्मी उठून जाते. पोराला नजर लागली, हज्जनबी. पोरीचं लग्न जमत नाही, हज्जनबी, दुआ करा. अब्बांना हाजीसाहेब म्हणून नमाजाच्या पहिल्या सफेत (रांगेत) जागा आणि अम्मीला हज्जनबी म्हणून कामं. मुसाफिर म्हणतात दिखावा, खाडीकाठ म्हणतात दोरी. दिखावा एकाच्या वाट्याला आला, दोरी दुसरीच्या.

आणि शब्दवेडा, तुमच्या यादीत हुमायूनची बायको कशी नाही? बेगा बेगम. हज करून आली म्हणून ‘हाजी बेगम’ म्हणतात तिला. दिल्लीत हुमायूनचा मकबरा तिने बांधवून घेतला. लोक तिकीट काढून आत जातात आणि म्हणतात, वा, हुमायूनचा मकबरा.

शब्दवेडा:

राहून गेली. चूक मान्य.

मुसाफिर:

परसदार, तुमच्या पाटीचं वाचून काही सुचेना. मी आमच्या आईचं लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं हा आमच्याच घरचा किस्सा.

एक प्रश्न मात्र आहे, रागावू नका. पाटीवर तिचं नाव ‘हाजिया’ लावून आलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?

परसदार:

हाजिया राहू द्या. नुसतं नाव आलं असतं तरी मी पेढे वाटले असते.

खाडीकाठ:

दोन दिवस गप्प होतो, कारण मुसाफिर यांचा मामा डोक्यातून जात नव्हता. पत्रिकेबद्दल माघार घेतो. छापखान्यात फोन करून लावलेला हाजी मलाही मान्य नाही, आणि उमरा करून लावणाऱ्याला तर अजिबात नाही. तेवढ्यापुरते मुसाफिर बरोबर. तेवढ्यापुरतेच.

पण स्वतःच्या मुद्द्यातलं एक भोक मीच दाखवतो, नाहीतर उद्या कोणीतरी दाखवेल. माझे चाचा जिद्द्यात सोळा वर्षं एका वर्कशॉपमध्ये होते. रजा काढून, चार सहकाऱ्यांबरोबर बसने जाऊन हज केला. सगळे अरकान (विधी) तेच. अरफात तेच. गावी आले तर गाव म्हणे, “हा काय, तिथेच होता.” म्हणजे कष्ट कमी, बोट नाही, निरोप नाही, स्टेशनवर हार नाही, म्हणून हाजीही नाही. मरेपर्यंत ते ‘जिद्दावाला’च राहिले. शेजारचे एक विमानाने जाऊन आले, त्यांना आठव्या दिवशी हाजीसाहेब. चाचांनी एकदाच विषय काढला होता, जेवताना, मासा सोलता सोलता: “अल्लाच्या वहीत असेल तर असेल, गावाच्या वहीत नाय.” आणि मग रस्सा मागितला.

तेव्हा गाव लावतं हे खरं. गाव कोणाला लावतं आणि कोणाला नाही, यात गावाचाही हिशेब असतो. तो स्वच्छ असतोच असं नाही.

मुसाफिर:

अखेर! तीन दिवस आणि एवढे प्रतिसाद लागले एवढं कबूल करायला. धन्यवाद, हाजीसाहेबांचे नातू.

तुमच्याशी प्रामाणिक राहायचं तर मलाही एक सांगायला हवं. या वर्षी हजच्या कुर्ऱ्यात (सोडतीत) आईचं नाव लागलंय. पासष्ट वर्षांची आहे, मी बरोबर जातोय. मामा परवा घरी आला होता, पंधरा वर्षांनी. आईचा हात धरून “कहासुना माफ कर” म्हणाला. आईने लगेच माफ केलं, तिला काय. मी म्हटलं, मामू, माफी मागायला ती हजला जातेय, तुम्ही नाही. कागद कधी करताय? तो चहा तसाच टाकून गेला.

परत आल्यावर गल्ली तिला हज्जनबी म्हणणार, मला माहीत आहे. मी अडवणार नाही. तिला आवडेल. मला कोणी हाजी म्हटलं तर मात्र त्याला या धाग्याची लिंक पाठवीन.

रोखठोक:

म्हणजे स्वतःच्या आईला चालतं. छान.

मुसाफिर:

हो. चालतं. पुढे?

इंद्रायणीकाठ:

रोखठोक, जाऊ द्या हो आता. मुसाफिर, आईंना दंडवत सांगा. पायात चप्पल मऊ घ्या, नवी घेऊ नका, आधी महिनाभर घरात वापरा. वारीतला अनुभव आहे.

परसदार:

आणि व्हॅसलीन. भरपूर. अम्मीचे फोड मी बांधलेत.

नावाचा_दीक्षित:

खाडीकाठ, त्या सातबाराचं काय झालं? आमच्याकडे आजोबांच्या नावात एके ठिकाणी ‘दीक्षित’ आणि एके ठिकाणी ‘दिक्षीत’ होतं, तेव्हा ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं. सोबत दोन शेजाऱ्यांचे जबाब.

खाडीकाठ:

तेच करतोय. स्टँप आणला. शेजारी म्हणून त्या वाण्याचा मुलगा येतोय जबाब द्यायला. तलाठी सोमवारी बोलावतात, सोमवारी नसतात. हा तिसरा सोमवार.